लग्नाची याद आणि घराची पुंजी

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी नित्य असे. ही दोन कार्ये अंदाजाच्या पुढे जातात व पुढे गेलेला खर्च बहुधा कर्जानेच भरून काढावा लागतो, असा तिचा इशारा आहे. ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी येत्या लग्नसराईत मंगलकार्य व्हावयाचे आहे, त्यांच्या विचारार्थ या प्रश्नाचा थोडा इतिहास येथे सादर करीत आहे.

दि. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत गावोगावी कर्जरोखे नष्ट करण्यात आले. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला. शेतकरी लग्नकार्यात उधळपट्टी करतो म्हणून कर्जबाजारी होतो, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. आयोगाने या कारणास अवास्तव महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले. लग्नाचा खर्च ऐपतीच्या मानाने अधिक असतो हे खरे. परंतु तो प्रसंग क्वचित येतो. अन्नधान्य, बी-बियाणे, बैल आणि सरकारसारा यांसाठी वारंवार काढावी लागणारी लहान कर्जेच ऋण अधिक वाढवितात, असा त्याचा अभिप्राय पडला. यावरून गरिबास उधळ्या म्हणून दोष देणे किती अन्यायाचे आहे हे दिसून येईल. मात्र ज्या घरी नित्याचीच ओढाताण आहे, त्या घरास एकरकमी खर्चाचा धक्का सोसत नाही, हेही तितकेच खरे.

त्यापूर्वीच पुण्यात एक निराळा प्रयत्न झाला होता. जोतीराव फुले यांनी दि. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला या पद्धतीचा पहिला विवाह सीताराम जबाजी आल्हाट व राधा यांचा लागला. सावित्रीबाईंनी त्या कार्यात पुढाकार घेतला होता. भटजी नाहीत, दक्षिणा नाही, डामडौल नाही. वधूवरांनी परस्परांस दिलेली वचने हाच त्या विधीचा गाभा. खर्च अत्यल्प झाला, पण विवाहाचे गांभीर्य रतिभरही उणे झाले नाही.

हा विचार पुढे देशभर पसरला. १८८७ च्या डिसेंबरात मद्रास येथे भरलेल्या पहिल्या सामाजिक परिषदेने विचारार्थ घेतलेल्या विषयांत विवाहातील विनाशकारी खर्चाचा समावेश होता. न्यायमूर्ती रानडे हे त्या परिषदेचे प्राण होते. १८८८ साली राजपुतान्यात स्थापन झालेल्या राजपुत्र हितकारिणी सभेने तर विवाहखर्चास उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा घातली. सर्वांस एकच आकडा न लावता ज्याच्या त्याच्या मिळकतीवर मर्यादा बसविणे, हे त्या नियमाचे शहाणपण होय.

कायद्याचे पाहू जाता, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यास वधू किंवा वर पक्षातील रूढीप्रमाणे विधी पुरेसा वाटतो. वाजंत्री, वरात वा जेवणावळ यांची त्यास गरज नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वये नोटीस देऊन ३० दिवसांनंतर, कोणाची हरकत नसल्यास, तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होऊ शकतो. दि. १ जुलै १९६१ पासून हुंडा देणे व घेणे दोन्ही गुन्हे आहेत. तरीही मानपान व हौस या नावांनी तोच भार वधूपित्याच्या शिरावर येतो, हे आपण सारे जाणतो.

या इतिहासाचे सार असे की, लग्नाचा खर्च करणारा एक असतो आणि तो ठरविणारे दुसरेच असतात. म्हणून सुधारणेचा आरंभ याद करण्याच्या बैठकीतच व्हावयास हवा. आपल्याकडे याद ही देण्याघेण्याची लेखी बोली. तीच काटकसरीचा करार का होऊ नये? यजमानाने प्रथम घरची शिल्लक मोजावी. त्यातून वर्षाचा घरखर्च व धाकट्या मुलांच्या शिक्षणाची रक्कम बाजूस काढावी आणि उरलेल्या पैशातच कार्य बसवावे. खर्च उभय पक्षांनी निम्मा सोसावा. जेवणाची पाने किती, हे बैठकीतच लिहून घ्यावे. कारण मांडव, आचारी, शिधा हे सारे त्याच आकड्यावर वाढतात. बस्ता वधूवरांपुरता बांधावा. मानपानाची लुगडी व अहेर वगळावेत. हळद व लग्न एकाच दिवशी उरकल्यास एका दिवसाची पंगत वाचते. दोन्ही घरे राजी असतील तर ‘यादी पे शादी’ ही आपली जुनी सोय आहेच.

यात पहिले पाऊल मात्र वरपक्षाने आणि ज्ञातीतील सधन कुटुंबांनी उचलले पाहिजे. गरिबाने साधे लग्न केले तर लोक त्याची ऐपत काढतात. श्रीमंताने केले तर तोच पायंडा पडतो. ज्यांना पाचशे पाने वाढणे सहज परवडते, त्यांनी शंभरच वाढली, तर ज्यांना शंभरही परवडत नाहीत त्यांना पन्नासांवर थांबण्याचे बळ येईल. सभासद कुटुंबांनी आपल्या घरच्या पुढील कार्याची याद करताना याचा विचार करावा, एवढीच नम्र विनंती आहे.