उलटं इंजिन, सुलटा बोल्ट

तर झालं असं, की गेल्या महिन्यात सुट्टी काढून अमरावतीला घरी गेलो. बाबांची १९९९ सालची होंडा सिटी तीन वर्षं अंगणात झाकून उभी. तीच घेऊन एकदा अकोल्याला काकांकडे जायचं, असं बाबांच्या मनात. पण टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला ते कोणालाच आठवेना. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतात, आणि मग गाडी सरळ भंगारात. बेल्टपर्यंत पोचायला आधी क्रँकशाफ्टची पुली काढावी लागते. ती पुली धरून ठेवणारा एकच बोल्ट. आणि तो काही केल्या हलेना.

असे बोल्ट साधारण १८० न्यूटन-मीटरनं आवळतात. म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला साठ किलोचा माणूस लटकला, असं समजा. वर पंचवीस वर्षांचा गंज. पान्याला पाच फुटी जीआय पाइप लावला की तेच साठ किलो पाचपट होतात, हे शाळेतलं गणित. पण खरी अडचण वेगळीच होती. पाइप ओढला की बोल्टसकट अख्खं इंजिन फिरायचं!

यावर एक जुनी युक्ती आहे. पाना बोल्टवर लावायचा, त्याचा दांडा जमिनीला अडवायचा, आणि प्लगला करंट जाणार नाही अशी सोय करून स्टार्टर क्षणभर मारायचा. इंजिन फिरतं, बोल्ट फिरू शकत नाही, म्हणून ढिला होतो. मीही दांडा अडवला. किल्लीला हात लावण्याआधी, सहज म्हणून, काकांच्या अकोल्याच्या मिस्त्रींना फोन केला.

"थांब बाप्पा! इंजन कोण्या अंगानं फिरते, हे पाह्यलं काय?"

पाह्यलं नव्हतं.

मिस्त्रींना हा प्रश्न सुचला, कारण त्यांचं अर्धं आयुष्य हँडलच्या गाड्यांत गेलं. चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्याआधी जवळपास सगळ्या पेट्रोल गाड्या हातानंच फिरवायच्या, आणि इंजिन उलटा झटका मारून मनगट मोडायचं. आपल्याकडे मात्र हँडल त्यानंतरही कित्येक दशकं टिकलं. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अ‍ॅम्बॅसडर १९५७ ते २०१४ अशी उत्तरपाड्याला बनली. काकांच्या जुन्या अ‍ॅम्बॅसडरच्या डिकीत अजून ते हँडल पडलेलं आहे. थंडीत बॅटरी झोपली की काका ते पुढून घालत. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला वेढायचा नाही, हा नियम मला सातव्या वर्षी पाठ होता. (हँडलला हात लावायची परवानगी मात्र कधीच मिळाली नाही.)

हे हँडल अडकायचं कुठे? पुली धरून ठेवणाऱ्या त्याच बोल्टच्या डोक्यात! त्याला तिरके दाते असायचे. हँडल घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की दाते अडकत, आणि इंजिन सुरू होऊन हँडलपेक्षा जोरात फिरायला लागलं की तिरक्या बाजूवरून हँडल आपोआप बाहेर ढकललं जाई. मला यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. आटे उजवे असल्यामुळे हँडलच्या जोरानं बोल्ट सुटण्याऐवजी आवळलाच जायचा. इंजिनाची दिशा आणि आट्यांची दिशा एकमेकींना धरून होत्या. स्टार्टरची युक्ती चालते ती याच हिशोबावर.

अ‍ॅम्बॅसडरमध्ये टायमिंगला साखळी होती, त्यामुळे हा बोल्ट खोलायची वेळ क्वचितच यायची. रबरी दातेरी बेल्ट १९६२ च्या सुमारास जर्मनीच्या ग्लास कंपनीच्या गाडीतून आला, स्वस्त आणि कमी आवाजाचा म्हणून पसरला, आणि दर काही वर्षांनी हा बोल्ट खोलणं मेकॅनिकच्या नशिबी आलं. तोवर हँडलं गेली होती. त्यांच्याबरोबर दिशेचं बंधनही गेलं. होंडाची त्या काळातली चार सिलिंडरची कितीतरी इंजिनं पुलीकडून पाहिलं तर उलटी, घड्याळाच्या विरुद्ध फिरतात. पुढे २००० नंतरच्या के मालिकेत कंपनीनं ती सुलटी केली. आटे मात्र उजवेच राहिले. म्हणजे आमच्या गाडीत स्टार्टर मारला असता तर बोल्ट आणखी आवळला गेला असता, आणि दांडा भलत्याच बाजूनं उसळून बोनेटखाली काय काय फोडलं असतं देव जाणे.

"उलट्या इंजनले सुलटा जुगाड चालत नाही," मिस्त्री म्हणाले. "होल्डर धाडतो."

होंडाच्या अनेक पुलींना मध्ये ५० मिलिमीटरची षट्कोनी खाच असते. होल्डर त्यात बसतो आणि त्याच्या भोकातून सॉकेट आत जातं. मिस्त्रींनी तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं, ओळखीच्या कंडक्टरच्या हाती दिला. याच अमरावती-अकोला रस्त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस विक्रम केला होता. पार्सल मात्र आपल्या एसटीच्याच चालीनं आलं. असो.

होल्डरचा दांडा बाबांनी चॅसिसला अडवून धरला. सॉकेटचा लांब दांडा वाकून जोर खाऊ नये म्हणून खाली जॅक लावला. मी पाइपवर अख्खा भार टाकला. काही नाही. पुन्हा टाकला. मग गोळी सुटल्यासारखा कडाक्कन आवाज आला. आई स्वयंपाकघरातून पळत बाहेर आली, "काय मोडलं?"

जुना बेल्ट हातात घेतला तर आतल्या बाजूनं दोन दात अर्धे तुटलेले. बाबा तो बराच वेळ उलटसुलट करून बघत होते. मग म्हणाले, "हा काकाला दाखवायला घेऊन जाऊ."