सिमेंट भरायचे की नाही?



गेल्या महिन्यात आमची ही न्हाणीघरात घसरली आणि कमरेचा पहिला मणका चेपला, हे एव्हाना सगळ्यांना कळले आहेच. रोज फोन येतात. "मामा, सिमेंट भरून घ्या, मामी दुसऱ्या दिवशी चालतील," असे भाचे म्हणतात. "पाठीला हात लावू देऊ नकोस," असे बहीण बजावते. प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा इथेच लिहितो. जन्मभर इतिहास शिकवला, तेव्हा सुरुवात तिथूनच!

इ.स.पूर्व १६०० च्या सुमारास लिहिलेला एडविन स्मिथ पपायरस हा इजिप्तमधला वैद्यकीय लेख आहे. त्यात ४८ रुग्णांची वर्णने आहेत. मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडले असतील, तर वैद्याने हात लावू नये, असा त्यात स्पष्ट निर्णय आहे. हिपोक्रॅटिसच्या काळी ग्रीसमध्ये कुबड सरळ करायला माणसाला शिडीला बांधून शिडीसकट खाली आदळत. खुद्द हिपोक्रॅटिसला तो गर्दी जमवण्याचा खेळ वाटे.

खरे वळण आले १९११ मध्ये. न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्षयाने पोखरलेले मणके हाडानेच एकमेकांना जोडले. पुढे ह्यूस्टनमध्ये पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे पाठ वाकलेल्या मुलांसाठी पोलादी सळ्या वापरल्या. त्यांचा निबंध १९६२ चा. मग १९८४ मध्ये फ्रान्समधल्या आमियाँ इथे गालिबेर आणि देरामाँ यांनी गाठीने पोकळ झालेल्या मणक्यात सुईने सिमेंट सोडले. भाचे म्हणतात ते हेच.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००९ मध्ये दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. काही रुग्णांना खरे सिमेंट दिले, काहींवर नुसता तसा देखावा केला. दुखणे दोन्हीकडे जवळपास सारखेच कमी झाले! वाद अजून मिटलेला नाही. अगदी ताज्या, असह्य दुखण्यात काहींना फायदा होतो, असे मानणारेही आहेत.

खरे सांगतो, घाई मलाच झाली होती. न्हाणीघरात धरायला दांडी बसवायचे दोन वर्षे मीच टाळले. म्हणून काहीतरी झटपट करून मोकळे व्हावेसे वाटत होते. डॉक्टरांनी शांतपणे समजावले : पायांत ताकद आहे, लघवीवर ताबा आहे, नस दबलेली नाही. यातले काही बिघडले तर मात्र एक दिवसही थांबायचे नाही. तूर्त पट्टा, वेदनाशामक आणि हाडांच्या ठिसूळपणावर औषध. दुखणे हटले नाही तर पुन्हा विचार करू.

आज हिने पट्टा बांधून तुळशीला पाणी घातले. दांडीही बसली.

असो. फोन जरूर करा, पण हिला करा. पडून पडून फार कंटाळली आहे.