एआयनं नोकऱ्या खाल्ल्या? आधी आपल्या जुन्या गिरणीची गोष्ट वाचा

गेल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. हिंजवडीत एका आयटी कंपनीत नऊ वर्षं काम करतोय. "काका, एचआरनं बोलावून राजीनामा मागितलाय. म्हणे आता एआय आलंय, तुमच्या कामाची गरज नाही." मी विचारलं, लेखी काही दिलंय का? तर म्हणाला, "लेखी कुठलं काका! राजीनाम्यात वैयक्तिक कारण टाका म्हणाले."

म्हणजे तोंडी कारण एआय आणि कागदावर कारण आमचा पोरगा!

तेव्हापासून अशा बातम्यांवरच्या चर्चा वाचतोय. एक गट म्हणतो एआय सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार. दुसरा म्हणतो नवीन शिका, नाहीतर घरी बसा. भांडण जोरात आहे, पण जे होतंय ते मशीन करतंय हे दोघांनाही मान्य आहे. माणसं कमी करायचा निर्णय कुणीतरी बसून घेतला, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसनं सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त लोक कमी करणार असं जाहीर केलं. हे एआयमुळे नाही, लोकांचं कौशल्य आणि हाती असलेलं काम यांचा मेळ बसत नाही म्हणून, असं कंपनीचे प्रमुख के. कृतिवासन यांनी स्वतः सांगितलं. तरी चर्चेत एआयनं १२ हजार नोकऱ्या खाल्ल्याच. कुणाचं खरं मानायचं? बाहेरच्या माणसाला तपासायला काही मार्गच नाही.

आपल्या सोलापुरात मात्र एकदा हे तपासलं गेलं होतं, आणि कारण थेट कायद्यात लिहिलं गेलं होतं.

मुरारजी पेठेतली जुनी गिरणी सगळ्यांना ठाऊक आहे. कागदोपत्री नाव सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. १८७७ साली सुरू झालेली ही गिरणी २७ ऑगस्ट १९४९ ला बंद पडली. हजारो घरांच्या चुली तिच्यावर पेटत होत्या. तेव्हाही मंदी, बाजार, जुनी यंत्रं अशी कारणं सांगता आली असती. पण सरकारनं आधी गिरणीवर नियंत्रक नेमला आणि ९ जानेवारी १९५० ला, राज्यघटना लागू व्हायच्या १७ दिवस आधी, खास या एका गिरणीसाठी वटहुकूम काढला. पुढं त्याचा संसदेनं कायदा केला.

त्या कायद्याची सुरुवातच वाचण्यासारखी आहे. गैरकारभार आणि दुर्लक्ष यामुळे जीवनावश्यक वस्तूच्या उत्पादनाला धक्का बसला आणि समाजातल्या एका वर्गात गंभीर बेकारी निर्माण झाली, अशा अर्थाचं त्यात लिहिलंय. दोष कारभाऱ्यांवर ठेवला, साच्यांवर नाही. जुन्या संचालकांना बाजूला करून सरकारनं आपले संचालक नेमले.

भागधारक अर्थातच कोर्टात गेले. चिरंजितलाल चौधरी यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९५० मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळला. मग सरकारी संचालकांनी प्रेफरन्स शेअरमागे ५० रुपये भरायला सांगितले, त्याविरुद्ध द्वारकादास श्रीनिवास गेले आणि डिसेंबर १९५३ मध्ये जिंकले. नुकसानभरपाई न देता मालमत्ता काढून घेतली, असं न्यायालयानं म्हटलं. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागं जे निकाल होते, त्यात हा आपला सोलापूरचा एक. आजही वकिलीची पोरं हे खटले अभ्यासतात.

यात एक गोष्ट मला टोचते. दोन्ही खटल्यांत अर्जदार भागधारक. कामगार कुठंच नाही. कारण मालमत्ता तेव्हा मूलभूत हक्कांत होती आणि कामाचा हक्क कलम ४१ मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत. त्यासाठी कोर्टात जाताच येत नाही. मालमत्तेचा मूलभूत हक्क पुढं १९७८ मध्ये निघाला, पण काम अजून कलम ४१ मध्येच आहे.

आणि हो, सरकारच्या ताब्यानं गिरणी तरली असंही नाही. साठच्या दशकात ती कायमची बंद झाली. तेव्हा सरकारनं कंपन्या चालवाव्यात असं माझं बिलकुल म्हणणं नाही. माणसं घरी बसली तेव्हा कारण कुणीतरी शोधलं आणि लिहून ठेवलं, एवढंच मी सांगतोय.

आज काय आहे? मोठ्या कारखान्याला कामगार कपात करायची तर सरकारची परवानगी लागते. १९७६ पासूनची ही तरतूद कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरती. आयटी कंपनी यातलं काहीच नाही. त्यात राजीनामाच लिहून घेतला की कपात झाली असं दिसतही नाही.

कुणी म्हणेल, काका तंत्रज्ञानाच्या विरोधात दिसतात. अहो, आम्ही सोलापूरकर! आपल्या चादरीवरची नक्षी जकार्डवर निघते. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी साच्याला हुकूम द्यायची ही युक्ती फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास आली, आणि तीच चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी उचलली. कॉम्प्युटरच्या घराण्यातलं यंत्र आपल्या गल्लीत खडखडत होतं. आम्हाला मशीनची भीती घालू नका.

माझी मागणी साधी आहे. ठरावीक संख्येच्या वर माणसं कमी करणाऱ्या प्रत्येक कंपनीनं, आयटी असली तरी, कारण लेखी द्यावं आणि कामगार खात्यानं ते तपासावं. एआयमुळे असेल तर कुठलं काम एआय करतंय ते दाखवा. कारभार चुकला असेल तर तसं लिहा.

पुतण्याला सांगितलंय, वैयक्तिक कारण लिहून सही करू नको, आधी सगळं ईमेलवर माग. सोलापूरची पोरं पुण्यात, बेंगळुरूत हजारांनी आहेत. तुमच्या घरात असं कुणाबरोबर झालं असेल तर कंपनीचं नाव न घेता खाली लिहा, कारण काय सांगितलं आणि कागदावर काय लिहून घेतलं.