घरांतील प्रत

गेल्या दिवाळीच्या सुटींत राजूर येथील आमच्या जुन्या घराची आवराआवर चालली असतां माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खालीं उतरली. तींत चित्रपटांच्या तबकड्या होत्या. मोजल्या तेव्हां त्रेचाळीस भरल्या. कांहीं व्हीसीडी, कांहीं डीव्हीडी. पुष्कळशा कागदी पाकिटांत, दोन-चार नुसत्याच वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या. माझा पुतण्या यंदा बारावींत आहे. त्यानें एक तबकडी उचलून उजेडांत धरली, तिच्यावर उमटलेले इंद्रधनुष्याचे रंग क्षणभर न्याहाळले आणि विचारलें, “काका, ही लावायची कशांत?” मजजवळ उत्तर नव्हतें. घरांतला प्लेयर मोडींत जाऊन आठ वर्षें झालीं होतीं, आणि नव्या संगणकांना तबकडी घालावयाची फट ठेवण्याचें कारखानदारांनीं बहुतेक सोडूनच दिलें आहे.

“सगळं मोबाइलवर आहे की,” असें म्हणून त्यानें एकेक नांव शोधावयास घेतलें. बत्तीस सांपडलीं. अकरा कोठेंच नव्हतीं. त्यांतला एक मराठी चित्रपट तर आदल्याच वर्षीं आम्हीं सर्वांनीं त्याच मोबाइलवर पाहिलेला. तो आतां यादींतून नाहींसा झाला होता. काढणाऱ्यानें कारण दिलें नव्हतें, आणि तें मागण्याचा आम्हांस अधिकारहि नव्हता. कारण तेथें आमच्या मालकीचें कांहींच नव्हतें.

इतिहासाच्या अध्यापकास एक खोड असते. आज एखादी वस्तु हरवली कीं, ती पूर्वीं कितीदां हरवली होती, हें तो शोधूं लागतो. त्या अकरा नांवांनीं मला तसेंच मागें नेलें.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांपुढें आला. चार रिळांचा, सुमारें ३,७०० फूट लांबीचा हा पट. आज पुण्याच्या संग्रहालयांत त्याचें पहिलें व शेवटचें एवढींच दोन रिळें आहेत. आणि तींहि १९१३ चीं कीं फाळक्यांनीं १९१७ सालीं पुन्हां घेतलेल्या चित्राचीं, याविषयीं जाणकारांत मतभेद आहे. ज्या कृतीपासून आपण एका सबंध कलेचा शक मोजतों, तिचें मधलें अंगच गेलेलें आहे. शिवकालांतले महजर, वतनाचे कागद आजहि एखाद्या पाटलाच्या किंवा कुळकर्ण्याच्या घरीं रुमालांत बांधलेले मिळतात; वाद्यापाशीं एक नक्कल, प्रतिवाद्यापाशीं एक, सरकारांत एक, अशी त्या कागदांची वांटणी झालेली असे. तीनशें वर्षांपूर्वींचा कागद सांपडावा आणि शंभर वर्षांपूर्वींचें चित्र सांपडूं नये, याचें कारण त्या नकलांच्या वांटणींत शोधावें लागतें.

चित्रपटाची प्रत प्रेक्षकाच्या घरीं कधींच जात नसे. ती निर्मात्याची, फार तर वितरकाची. गांवोगांव फिरून ती झिजे, तुटे, पुन्हां चिकटविली जाई, आणि शेवटीं खोलींत पडून राही. त्या काळची फीत नायट्रेटची. ती काळानें चिकट होऊन विघटते आणि एकदां पेटली कीं पाण्यानेंहि विझत नाहीं. भरींत भर म्हणजे फितीवरच्या लेपांत चांदी असते. १९३१ सालीं ‘आलम आरा’ बोलूं लागला आणि मूकपटांस कवडीचें मोल उरलें नाहीं. मोल होतें तें त्या चांदीला. कित्येक चित्रें धुवून त्यांतली चांदी विकली गेली. पुढें खुद्द ‘आलम आरा’चीहि एक प्रत शिल्लक राहिली नाहीं! मूकपटांच्या काळांत देशांत तेराशेंहून अधिक चित्रें निघालीं; त्यांपैकीं तिसांच्या आंतबाहेर चित्रांचे अवशेष आज उरले आहेत, आणि त्यांतहि पुष्कळ ठिकाणीं केवळ तुकडे.

या गेलेल्या चित्रांत बाबूराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ आहे. कर्जापायीं जमीन गेलेल्या शेतकऱ्याची ती कहाणी. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेंत व्ही. शांताराम होते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत या नांवाचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. पौराणिक चित्रांच्या त्या गर्दींत एका कलावंतानें कुणब्याच्या झोंपडीपुढें कॅमेरा नेऊन ठेवला, ही गोष्ट आमच्या सामाजिक इतिहासांत नोंदण्यासारखी आहे. पण ती कशी ठेवली, हें पाहावयाचें तर मूळ चित्र नाहीं. पेंटरांनींच १९३६ सालीं तें बोलपटाच्या रूपानें पुन्हां काढलें. मूळ मूकपटाविषयीं मात्र दुसऱ्यांच्या आठवणींवरच भिस्त ठेवावी लागते.

१९६४ च्या फेब्रुवारींत पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, आणि पी. के. नायर या गृहस्थांनीं पुढचीं सुमारें तीन दशकें घरोघर, गोदामोगोदामीं हिंडून रिळें गोळा केलीं. फाळक्यांचीं रिळें त्यांनींच मिळविलीं. ‘कालिया मर्दन’चा बराचसा भाग आज पाहावयास मिळतो तोहि त्यांच्याच खटपटीनें. एवढें करूनहि ८ जानेवारी २००३ रोजीं, प्रभातच्या जुन्या आवारांत ठेवलेल्या नायट्रेटच्या सांठ्यास आग लागली आणि सुमारें सहाशें चित्रपटांचीं पांच हजारांवर रिळें जळालीं. ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र होती तीं चित्रें वांचलीं असें म्हणावयाचें. ज्यांची नव्हती त्यांचें नांव तेवढें राहिलें.

याच्या उलट प्रभातचें उदाहरण आहे. १९२९ सालीं कोल्हापुरांत निघालेली ही कंपनी १९३३ त पुण्यास आली आणि १९५३ त बंद पडली. कंपनी बुडाली म्हणजे तिचीं चित्रेंहि बुडावयाचीं, हा त्या धंद्याचा सामान्य नियम. परंतु येथें दामले कुटुंबानें हक्क आणि प्रती जिद्दीनें सांभाळल्या. म्हणून १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ आणि १९३७ सालीं व्हेनिसला नांवाजलेला ‘संत तुकाराम’ हीं चित्रें आपल्याला पाहतां येतात. ‘संत तुकारामा’ची तबकडी आमच्या पेटींतहि निघाली. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा मीं प्रथम पाहिला तो वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेंत, तंबूंतल्या फाटक्या पडद्यावर. तेव्हां मी आठ-नऊ वर्षांचा असेन. पडद्याच्या मागल्या बाजूसहि लोक बसलेले असत आणि त्यांना तुकाराम डावरा दिसे.

विदर्भांतल्या मनुष्यास या प्रसंगीं महानुभावांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. म्हाइंभटांनीं ऋद्धिपुरास सिद्ध केलेलें ‘लीळाचरित्र’ परचक्राच्या धामधुमींत गहाळ झालें. मग शिष्यांनीं आठवून आठवून तें पुन्हां उभें केलें, आणि म्हणून त्याचे निरनिराळे पाठ झाले. पुढें पंथानें आपले ग्रंथ सकळ लिपींत घालून कुलूपबंद केले. प्रती मठोमठीं होत्या, म्हणून ग्रंथ टिकले; पण किल्ली पंथाबाहेर कोणापाशीं नव्हती, म्हणून मराठीच्या त्या आद्य गद्याची उर्वरित महाराष्ट्रास शतकानुशतकें वार्ताहि लागली नाहीं. टिकणें आणि वाचतां येणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें पुतण्याच्या हातांतल्या त्या तबकडीकडे पाहून मला नव्यानें समजलें.

चित्रपटाची प्रत सामान्य माणसाच्या घरांत आली ती आमच्या पिढींत. आधीं व्हिडिओ कॅसेट, मग व्हीसीडी, आणि १९९६ सालीं जपानांत निघालेली डीव्हीडी. बारा सेंटिमीटर व्यासाची, सव्वा मिलिमीटरहि जाडी नसलेली ही प्लॅस्टिकची चकती, आंत धातूचा पातळ पापुद्रा. एवढ्यांत सबंध चित्रपट मावूं लागला. आरंभीं किंमती मध्यम वर्गास जड होत्या. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीनें व्हीसीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास काढली, तेव्हां चोरट्या प्रतींपेक्षां अस्सल प्रत फारशी महाग राहिली नाहीं. राजुरांत खाणीमुळें मराठी, तेलुगू, हिंदी अशा सर्व भाषांचीं माणसें. त्यामुळें कॉलरीच्या वाटेवरच्या लहानशा दुकानांत एका दोरीवर तिन्ही भाषांचे चित्रपट लोंबत असत. दुसऱ्या पाळीचे कामगार घरीं परततांना, अंगावरची कोळशाची काजळी तशीच असतां, तबकडी घेऊन जात. माझ्या वडिलांनीं ‘श्यामची आई’ तेथूनच घेतली आणि पाकिटावर आपलें नांव व तारीख घातली, पुस्तकावर घालावी तशी.

हा काळ दहा-बारा वर्षांवर टिकला नाहीं. २०१६ च्या जानेवारींत नेटफ्लिक्स भारतांत आलें. त्याच वर्षीं मोबाइलवरचें इंटरनेट एकाएकीं स्वस्त झालें. २०१८ त मोझर बेअर दिवाळ्यांत निघाली. स्वतः नेटफ्लिक्स १९९८ पासून टपालानें तबकड्या पाठवीत आलें होतें, ती शाखा त्यानें २९ सप्टेंबर २०२३ रोजीं मिटविली. आमच्या कॉलरीच्या वाटेवरचें दुकान त्याच्या कितीतरी आधीं मोबाइल दुरुस्तीचें झालें होतें.

जें लोक आतां डिजिटल रीतीनें ‘विकत’ घेतात, त्याचें स्वरूप काय, हें मात्र पाहिलें पाहिजे. २००९ सालीं अमेरिकेंत ॲमेझॉननें ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी, हक्काचा घोटाळा झाला म्हणून, ग्राहकांनीं पैसे देऊन घेतलेली असतांहि त्यांच्या वाचनयंत्रांतून दुरूनच पुसून टाकली. पुस्तक निवडावयाचें तर नियतीनें तरी यापेक्षां चांगलें काय निवडलें असतें! २०२३ च्या डिसेंबरांत सोनीनें, ग्राहकांनीं विकत घेतलेल्या डिस्कव्हरीच्या मालिका काढून घेण्याची सूचना दिली आणि ओरड झाल्यावर ती मागें घेतली. कॅलिफोर्नियांत १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा झाला कीं, दिला जातो तो केवळ परवाना, हें ग्राहकास स्पष्ट बजावल्यावांचून ‘विकत घ्या’ हा शब्द दुकानदारानें वापरूं नये. शब्दाच्या अर्थासाठीं कायदा करावा लागला, यावरून व्यवहार कोठें येऊन ठेपला हें ध्यानांत यावें.

आपल्या कायद्याप्रमाणें चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनीं संपतो. १९५३ चा ‘श्यामची आई’ त्या हिशेबानें सर्व लोकांचा झाला आहे. परंतु २०२० सालीं निघून केवळ एखाद्या कंपनीच्या सांठ्यावरच राहिलेला चित्रपट २०८१ त सर्वांचा होईल, तेव्हां तो घ्यावयाचा कोणाकडून? त्याची प्रत कोणा वाचनालयांत नाहीं, कोणा माळ्यावर नाहीं. कंपनीस तोवर आयुष्य असेल, हें मोझर बेअरच्या ग्राहकानें तरी गृहीत धरूं नये. आणि कुलूप फोडून नक्कल करावी, तर २०१२ च्या दुरुस्तीनें हक्कभंगाच्या हेतूनें तसें करणें दंडनीय आहे.

तथापि नव्या रीतीचे उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. माझी आई शेवटचें वर्ष अंथरुणावर होती. राजुरांतल्या त्या खोलींत तिनें आपल्या तरुणपणींचीं चित्रें एका हातांत मावेल अशा पडद्यावर पाहिलीं. कोणत्याहि दुकानानें तीं तिला आणून दिलीं नसतीं. तबकडीहि कांहीं अमर नाहीं. आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा पंचेचाळिसांवर जातो, पावसाळ्यांत माळ्यावर बुरशी धरते, आणि धातूचा पापुद्रा एकदां उकलला कीं चित्र गेलें. व्हीसीडीवरचीं चित्रें तर मूळचींच पुसट. आमच्या त्रेचाळिसांत सहा चोरट्या निघाल्या, हेंहि कबूल केलें पाहिजे. वडिलांच्या नव्हेत, माझ्या.

माझें म्हणणें एवढेंच कीं, प्रत्येक जिल्ह्याच्या ग्रंथालयांत पुस्तकांच्या शेजारीं चित्रपटांच्या प्रती ठेवाव्यात, त्या लावण्याचें यंत्र ठेवावें, आणि दर कांहीं वर्षांनीं हक्कदारांच्या संमतीनें त्या नव्या साधनावर उतरवून घ्याव्यात. पुण्याचें संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेलें आहे आणि जुन्या चित्रांच्या दुरुस्तीचें मोठें काम तेथें चाललें आहे. पण २००३ ची आगहि पुण्यासच लागली होती.

सुटी संपण्यापूर्वीं वणीहून एक जोडयंत्र विकत आणलें आणि तीन रात्रीं बसून सर्व तबकड्या लावून पाहिल्या. एकोणतीस चालल्या. ‘संत तुकाराम’ अर्ध्यावर अडखळला, पुसून पुन्हां लावल्यावर पुढें गेला. ‘श्यामची आई’ नीट चालली. मोबाइलवर न मिळालेल्या अकरांपैकीं सात लागल्या. पाहतां पाहतां नाहींसा झालेला तो मराठी चित्रपट मात्र उरलेल्या चारांत निघाला. त्याच्या कडेला पांढरी बुरशी नखाएवढी पसरली होती. पुतण्यानें पेटीच्या झांकणावर आंतून यादी चिकटविली, चालणाऱ्यांपुढें खूण केली, आणि ती न चालणारी तबकडीहि कागदांत गुंडाळून इतरांबरोबर परत आंत ठेवली.