लॅपटॉप हॉटस्पॉट

लॅपटॉपवर आलेले इंटरनेट त्याच्याच वाय-फाय कार्डातून आसपासच्या फोनना, टॅबना किंवा दुसऱ्या संगणकांना पुरवण्याची सोय. हॉटस्पॉट सुरू असेपर्यंत लॅपटॉप राउटरचे काम करतो. जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाला तो स्थानिक आयपी पत्ता देतो. विंडोजमध्ये तो स्वतःकडे बहुधा १९२.१६८.१३७.१ हा पत्ता ठेवतो. सगळ्यांच्या मागण्या आपल्या एकाच पत्त्यावरून बाहेर पाठवायच्या आणि आलेली उत्तरे ज्याची त्याला पोचवायची, या पद्धतीला ‘नॅट’ म्हणतात. डेटा अर्थातच मूळ जोडणीच्या खात्यातून खर्च होतो.

इंटरनेट वाटून घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत दिली. पुढे वाय-फाय आल्यावर लॅपटॉपवरून ‘अ‍ॅड-हॉक’ जाळे उभारता येई, पण सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनना ते सहसा दिसतच नसे. ही अडचण विंडोज ७ ने (२००९) दूर केली. एकाच कार्डाची दोन आभासी कार्डे करून एकाने इंटरनेट घ्यायचे आणि दुसऱ्याने वाटायचे, असे ते तंत्र होते. भारतात ते डोंगलचे दिवस होते. यूएसबी डोंगलचे नेट फोनपर्यंत न्यायला हा मार्ग फार उपयोगी पडला, मात्र त्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये आज्ञा टाइप कराव्या लागत. विंडोज १० मध्ये ऑगस्ट २०१६ च्या अपडेटने सेटिंग्जमध्ये ‘मोबाइल हॉटस्पॉट’चे बटण दिले, त्यावर आठ उपकरणे जोडता येतात. मॅक आणि लिनक्सवरही अशी सोय आहे.

इंटरनेट केबलने किंवा डोंगलने येत असेल तर हॉटस्पॉट उत्तम चालतो. वाय-फायने घेऊन वाय-फायनेच वाटायचे झाले, तर बहुतेक लॅपटॉपमधल्या एकाच रेडिओला दोन्ही कामे आळीपाळीने करावी लागतात आणि वेग निम्म्याच्या आसपास घसरू शकतो. फोनला हॉटस्पॉट दिसतच नसेल, तर ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा निवडून पाहावा. जुन्या फोनना तेवढाच समजतो.

पासवर्डाच्या बाबतीत हयगय नको. जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळी जबाबदारी स्वीकारणारा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घरच्या असुरक्षित वाय-फायचा गैरवापर करून पाठवला गेला होता, आणि तपास आधी त्या घरापर्यंत पोचला. नॅटमुळे लॅपटॉप हॉटस्पॉटवरही हेच घडू शकते, कारण बाहेरून पाहणाऱ्याला मूळ जोडणीच्या मालकाचाच पत्ता दिसतो. डब्ल्यूपीए२ सुरक्षेत पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असतो. आठ ही किमान मर्यादा आहे, पुरेशी लांबी नव्हे. पाहुण्यांना किंवा सहप्रवाशांना दिलेला पासवर्ड काम झाल्यावर बदलावा.

लॅपटॉप स्लीपमध्ये गेला की हॉटस्पॉटही बंद पडतो. विंडोजमध्ये काही वेळ एकही उपकरण जोडलेले नसेल तरी वीजबचतीसाठी तो आपोआप बंद होतो; ती सोय सेटिंग्जमधून काढून टाकता येते.