एलिझाबेथ : एका नियोजित उपनगराचा उदय आणि त्याची कसोटी

नगरे बहुधा नदीच्या उतारापाशी, बंदराच्या आश्रयाने अथवा बाजारपेठेभोवती हळूहळू वाढत जातात. दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी ॲडलेड हिच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरांवर असलेले एलिझाबेथ हे नगर या नियमास अपवाद होय. एका शासकीय धोरणाचे साधन म्हणून ते मुद्दाम वसविण्यात आले. तो हेतू ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या उत्कर्षाची व अवनतीची मीमांसा करता येत नाही.

हा सपाट प्रदेश मूळचा कौर्ना लोकांचा. १८३६ मध्ये ब्रिटिश वसाहत स्थापन झाल्यावर ते हळूहळू आपल्या भूमीस मुकले आणि तेथे गव्हाची शेते उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात जवळच्या सॅलिसबरी येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. १९४७ पासून तेथे दूर पल्ल्याच्या शस्त्रांचे संशोधन सुरू झाले. शेतीप्रधान प्रदेशात उद्योगाचे बीज पडले ते असे.

१९३८ ते १९६५ या दीर्घ काळात प्रांताचे मुख्यमंत्री असलेले थॉमस प्लेफर्ड यांच्यापुढे मुख्य प्रश्न होता तो पूर्वेकडील मोठ्या बाजारपेठांपासून दूर असलेल्या आपल्या प्रांताकडे कारखानदार कसे वळवावेत हा. घरभाडे माफक राहिले तर मजुरीचे मानही आटोक्यात राहते, हे त्याचे एक उत्तर होते. १९३६ मध्ये स्थापन झालेला गृहनिर्माण न्यास या धोरणाचे प्रमुख साधन ठरला. न्यासाने सॅलिसबरी व स्मिथफील्ड यांच्या दरम्यानची शेतजमीन विकत घेतली आणि १६ नोव्हेंबर १९५५ रोजी राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या नावाने नगराचे उद्घाटन झाले.

नगराची रचना स्वतंत्र वस्त्यांची होती. प्रत्येक वस्तीस स्वतःची शाळा व दुकाने, आणि सर्वांस मिळून एक नगरकेंद्र. येथे आलेल्या कुटुंबांत ब्रिटनमधून स्थलांतर केलेल्यांचे प्रमाण मोठे होते. गोऱ्यांनाच प्राधान्य देणारे तत्कालीन स्थलांतरधोरण पाहता यात नवल नाही. जनरल मोटर्स-होल्डनचा मोटारींचा कारखाना हा नगराच्या उपजीविकेचा मुख्य आधार झाला. १९६४ मध्ये नगरास सॅलिसबरीपासून वेगळी स्थानिक राज्यव्यवस्था लाभली.

तथापि जे बळ तेच दौर्बल्य ठरले. मोटार उद्योग आयातकराच्या तटबंदीआड वाढला होता. १९७० नंतरच्या मंदीने आणि पुढे आयातकर घटत गेल्याने रोजगार आटू लागला. त्याच सुमारास न्यासाची घरे कामकरी कुटुंबांऐवजी अत्यंत गरजूंना देण्याकडे कल वाढला. परिणामी दारिद्र्य एकाच ठिकाणी साठत गेले. १९९७ मध्ये मुन्नो पारा या शेजारच्या नगरसंस्थेशी विलीनीकरण होऊन जी नवी नगरपालिका झाली, तिला प्लेफर्ड यांचेच नाव देण्यात आले. कारखाना बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर झाला, आणि २० ऑक्टोबर २०१७ रोजी तेथून अखेरची मोटार बाहेर पडली.

एलिझाबेथच्या अवनतीचा दोष तेथील रहिवाशांच्या माथी मारण्याची प्रवृत्ती आढळते. इतिहास तिला दुजोरा देत नाही. रहिवाशांनी आपल्याकडून अपेक्षिलेले श्रम पुरविले होते. ज्या आर्थिक गणितावर नगर बेतले होते, ते गणितच बदलले. नियोजनाने घरे, शाळा आणि उद्याने दिली, परंतु उपजीविकेचा दुसरा तितकाच भक्कम आधार दिला नाही. नगररचनेच्या अभ्यासकाने या नगराकडून घ्यावयाचा धडा हाच होय.