शाळा अंगणात आली

वाचकहो, दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. भांड्याकुंड्यांच्या शेजारी तीन-चार वर्षांची पोरेही गाडीत बसतात. त्यांची अंगणवाडी मात्र गावातच राहते. अशा वेळी कोसबाडच्या अनुताई वाघ यांचे चरित्र आठवावेसे वाटते.

अनुताईंचा जन्म १९१० सालचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य चुलीपाशीच सरायचे. अनुताई मात्र शिकल्या, शिक्षिका झाल्या. दिवसा शिकवायचे नि रात्रशाळेत स्वतः शिकायचे, असे करून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. पुढे बी. ए. झाल्या, तेव्हा वय होते ५१!

१९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. तिथे बालवाडी उघडली, पण गरिबांची मुले येईनात. आईबाप मजुरीला गेलेले, मोठ्या मुलाच्या कडेवर धाकटे, येणार कोण? तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांना आंघोळी घातल्या, केस विंचरले, गाणी म्हटली. माँटेसरीबाईंची महागडी साधने कुठून आणणार? बिया, शिंपले, पाने, खडे यांवरच मुले मोजायला शिकली.

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांत गेले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी तिथे कुरणशाळा निघाली. गुरे चरतील तिथे शाळा, असा साधा हिशेब! ताराबाई १९७३ साली वारल्या. अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, हे काम सांभाळले. नोकरदाराची निवृत्ती त्यांच्या वाट्याला आलीच नाही.

१९७५ साली केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. परंतु अंगणवाडी म्हणजे नुसती खोली नव्हे. मूल जिथे असेल तिथे जायचे, हे तिचे मूळ. ऊसतोड मुलांसाठी साखरशाळांचे प्रयोग झाले, तेही याच वाटेचे. मूल तीन वर्षांचे एकदाच असते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत ते वय थांबत नाही. तेव्हा वाचकहो, यंदा गाड्या भरू लागल्या की आपण एवढे तरी विचारू या : कोपीपुढच्या अंगणात या पोरांसाठी कोण जाणार आहे?